मागचं डावं चाक

४ जानेवारी

टायरवाल्याने यंदाही डायरी दिली. पुठ्ठ्यावर त्याच्या दुकानाचं नाव, सोनेरी अक्षरांत. दरवर्षी आमची ही ती पळवते आणि गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेची मापं तिच्यात लिहिते. घरी शिवणकाम करते ना. यंदा मात्र डायरी माझ्यापुढे ठेवली. "अहो, तुम्हीच लिहा. सदतीस वर्षं चाकं बसवताय, चार शब्द कुठेतरी राहू देत." मी म्हटलं, सातवी शिकलेला माणूस लिहिणार काय? म्हणाली, "जसं बोलता तसं लिहा. फक्त जरा हळू आवाजात." आणि आपलीच हसली. यात हसण्यासारखं काय, ते कळलं नाही.

तर काम असं. लोकांना गाडीची मूळ चाकं आवडेनाशी होतात. बाजारातून मोठी, रुंद, चकचकीत चाकं आणतात आणि मग ती गाडीच्या पोटात मावत नाहीत. वळताना आत घासतात, खड्ड्यात वर घासतात. घासणारं चाक म्हणजे चावणारा जोडा. चार पावलं चालवून घेतो, कोसभर नाही. ते न घासता बसवून द्यायचं, हा माझा धंदा. कोणी शिकवलं नाही. बोटं चेमटत शिकलो. मापं सगळेच घेतात, पण शेवटचा निकाल मी कानाने देतो. गाडीत वजन भरायचं, मी मागे आडवं होऊन चाकावरच्या पत्र्याला कान लावायचा आणि दुसऱ्याने गाडी पिटाळायची. केसाएवढं घासलं तरी कान सांगतो. म्हणून लोक मला कानमास्तर म्हणतात. बाकीचे कारागीर टायरच्या खांद्याला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कडेला, खडू लावून गाडी फिरवून आणतात आणि खडू पुसला का ते बघतात. खडू नवशिक्यांसाठी.

९ जानेवारी

आज मुलगा गाडी घेऊन शेडमध्ये आला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

तीन वर्षांपूर्वी त्याने माझ्याबरोबरचं काम सोडलं आणि भाड्याने गाडी चालवायला लागला. तेव्हा चार लोकांत मी म्हणालो होतो, "हातात कसब नसलं की माणूस स्टिअरिंग धरतो." तोंडातून सुटलेला शब्द आणि नळीतून सुटलेली हवा, परत कोंबता येत नाही. तेव्हापासून घरी यायचा, जेवायचा, आईशी बोलायचा. शेडकडे फिरकला नाही.

आज डिकी उघडून दाखवली. चार नवी चाकं, मूळ चाकांपेक्षा दोन इंच मोठी, टायर चांगले रुंद, आपल्या डायरीवाल्या टायरवाल्याकडचेच. म्हणाला, "बाबा, रस्ते असे झालेत की जुन्या रिमा वाकतात. शिवाय गाडी उभी राहिली की बघणाऱ्याने बघितलं पाहिजे. तुम्हीच बसवा. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

मी नुसतं "बघू" म्हणालो आणि जॅक आणायला आत गेलो. आत गेल्यावर जॅक कुठे ठेवलाय तेच आठवेना. डोळे पुसून बाहेर आलो.

१२ जानेवारी

मापं झाली. पुढे काही त्रास नाही. मागे चाक मूळ जागेपेक्षा दीड बोट बाहेर येतं. रिकाम्या गाडीत टायर आणि मडगार्डची कड यांच्यात दोन बोटं जागा राहते. दोन माणसं बसली की एक बोट. गाडी पूर्ण भरली की बोट जाणार नाही. म्हणजे कड आत वळवून चपटी करायला हवी.

उजवीकडची कड सरळ आहे. डावीकडे गोम आहे. मुलाच्या आधी ज्याची गाडी होती त्याने कुठेतरी ठोकली असणार. पत्र्यावर पत्रा जोडलाय, वर पुट्टी, वर रंग. तिथे कड दुहेरी आहे. शेजारच्या वेल्डरने वाकून बघितलं. तीस वर्षं आमच्या शेडना एकच भिंत आहे. म्हणाला, "मास्तर, एवढा तुकडा कापू दे. नवा पत्रा लावून देतो. दोन दिवस दे मला." मी म्हटलं, दोन दिवस गाडी उभी राहिली तर पोराचं भाडं बुडेल. घासून गोल करतो. न घासल्याशी मतलब.

तो आणखी काहीतरी म्हणाला, ग्राइंडर चालू होता. म्हटलं, "तुझे कान त्या ग्राइंडरने खाल्लेत, तोंड तरी खाऊ देऊ नकोस. नीट बोल." त्यावर तो हसला नाही. एरवी शिवी देतो.

१४ जानेवारी

काम झालं. रंग गरम करून करून कड वळवली, गार असताना वळवली तर अंड्याच्या कवचासारखा तडकतो. उजवीकडची बोटभर आत गेली. डावीकडची त्या जोडावर अडली. लाकडी मोगरीने ठोकली, कानशीने घासली. हात फिरवून पाहिला. गोल वाटली.

मग डिकीत वाळूची पोती टाकली, वेल्डर मागच्या सीटवर, मुलगा स्टिअरिंगवर. मी आडवा होऊन डावीकडच्या पत्र्याला कान लावला. आमच्या रस्त्यावरचे सगळे गतिरोधक, मग गोल चौकात तीन फेऱ्या. काही नाही. विहिरीच्या तळासारखी शांतता. इतकं स्वच्छ काम मी स्वतःही फार वेळा केलेलं नाही.

उतरल्यावर मुलगा वेल्डरकडे बघत होता, वेल्डर माझ्याकडे. मी म्हटलं, "काय रे, तोंडं का अशी? घासत नाही म्हणजे नाही." मुलगा म्हणाला, "तुम्ही म्हणता ना बाबा, मग झालं." आणि वाकून पाया पडला. शेडमध्ये, सगळ्यांसमोर.

घरी हिला सांगितलं. ती कापडावर तिच्या निळ्या खडूने खुणा करत होती. म्हणाली, "एकदा खडू लावून बघायचं होतं. मी नाही खुणेशिवाय कात्री लावत." मी म्हटलं, "अगं, तुझी ती कात्री, माझा हा कान. कानाला खूण लागत नाही." तिने खडू बाजूला ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसली. म्हातारपणी बायकांना प्रेम येतं ते असं.

२१ जानेवारी

सूनबाईने भिंतीवरचं घड्याळ आणलं. चांगली वस्तू निघाली. अजिबात टिकटिक करत नाही आणि वेळ मिनिटाला बरोबर. जुन्याचा काय तो कलकलाट.

सूनबाई पोरगी गुणी, पण फार पुटपुटते. ओठांतल्या ओठांत. हिला म्हटलं, तिला जरा मोकळं बोलायला शिकव. ही म्हणाली, "शिकवते." ही स्वतः मात्र काही सांगायचं झालं की आधी माझ्या दंडावर दोन बोटं टेकवते आणि मग समोर उभी राहून बोलते. नव्या नवरीसारखी.

२ फेब्रुवारी

मुलगा आला होता. म्हणाला, चार प्रवासी बसले आणि उतार लागला की मागून बारीक आवाज येतो. म्हटलं, चल. वेल्डर आणि अजून दोघांना कोंबलं आणि चक्कर मारली. मी कान लावला. काही नाही. नव्या टायरवर रबराची लव असते, बारीक केसांसारखी. ती झडेपर्यंत कुणाकुणाला आवाज भासतो. तसं सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, मला वाटतं डावीकडून..."

मला राग आला, लिहायला लाज कशाला. म्हटलं, "सदतीस वर्षांचा कान खोटा आणि तुझी तीन वर्षांची गाडी खरी? मग नेऊन दे दुसऱ्याकडे." लगेच त्याचा चेहरा पडला. "तसं नाही हो बाबा. लवच असेल." आणि निघून गेला.

वाईट वाटलं. तीन वर्षांनी जुळलेलं होतं. पण खोटं कसं बोलू? आवाज नाहीच तर आहे म्हणू?

१० फेब्रुवारी

यंदा चिमण्या मुक्या झाल्यात. शेडच्या पत्र्याखाली घरटं दिसतं, चोची दिसतात, पण चिवचिव नाही. हवाच बिघडलीय. वेल्डरला दाखवलं तर तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "चल, चहा पिऊ." पैसे त्याने दिले. नक्की काहीतरी बिनसलंय त्याचं.

१७ फेब्रुवारी

हिच्या बहिणीकडे शिलाईचं जुनं मशीन पडून आहे, बिडाच्या पायांचं, दोघांना उचलेना असं. ही म्हणाली, ते आणते आणि लेकाच्या गाडीला सीटची कव्हरं शिवून देते. मुलगा, सूनबाई आणि ही, तिघं सकाळी निघाली. मशीन आणि दोन पेट्या येणार, म्हणून मला जागा नाही.

निघताना मी डबा आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर ही मागच्या चाकाशी वाकलेली. म्हटलं, काय गं? म्हणाली, चप्पल अडकली होती. मग काचेतून हात हलवून काहीतरी म्हणाली. मी पण हात हलवला.

दुपारी तीनच्या सुमाराला वेल्डर धावत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याचे ओठ हलत होते. हातात त्याचा फोन. मी म्हटलं, नीट बोल. मग त्याने माझे दोन्ही दंड धरले.

१८ फेब्रुवारी

ती गेली.

६ मार्च

सगळं उरकलं. काय काय उरकलं ते लिहीत नाही.

परतताना घाटाच्या उतारावर, डाव्या हाताला दरीचा कठडा, उजवीकडे वळण. मागचं डावं चाक फुटलं. गाडी कठड्याला घासत गेली आणि उलटली. ही त्याच चाकावर बसली होती. मशीन मागून सुटून आलं. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. सगळ्यांना असंच सांगतात का, असं विचारावंसं वाटलं.

मुलाचं कमरेचं हाड मोडलंय, डाव्या पायाला दोन ठिकाणी सळया. चालेल म्हणतात, पण केव्हा ते सांगत नाहीत. सूनबाईचा हात गळ्यात बांधलाय, ती वाचली.

घर अगदी गप्प झालंय. पायात पातेलं पडलं तरी आवाज वाटत नाही. भेटायला येणारे समोर बसतात आणि ओठ हलवतात. अशा वेळी मोठ्याने बोलू नये, एवढं लोकांना कळतं. मीही नुसती मान हलवतो. कोणी दंडावर बोटं टेकवत नाही.

१२ मार्च

दवाखान्यात मुलगा एकच बोलतो. त्याच्या अगदी तोंडाजवळ बसलं की कळतं. "मी वेगात होतो, बाबा. उतारावर मी वेगात होतो. आईला मी मारलं." सूनबाई शपथेवर सांगते, वेग नव्हता. तो ऐकत नाही. काल नर्सने सांगितलं, जेवणाचं ताट भिंतीकडे सरकवून ठेवतो.

त्याच्या बोलण्याने माझं काळीज फाटतं, कारण मला माहीत आहे दोष कोणाचा. माझ्या कामाचा नाही. ते मी कानाने तपासलंय, दोनदा. मुलाचाही नाही. टायर सडका होता. महिन्याभरात नवा टायर फुटतो कसा?

१४ मार्च

टायरवाल्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती, तीच वेळ साधली. म्हणालो, "तुझ्या सडक्या मालाने माझं घर खाल्लं." अजून बरंच बोललो. माझा आवाज चढलेला होता असं नंतर वेल्डर म्हणाला, पलीकडच्या चौकापर्यंत गेला म्हणे. टायरवाला खाली मान घालून काहीतरी पुटपुटत होता. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "वर बघून बोल!" त्याने वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं.

घरी येऊन या डायरीचा पुठ्ठा फाडून टाकला. सोनेरी अक्षरं चुलीत गेली.

२३ मार्च

लोक बोलतात ते खरं असावं, टायरवाल्याच्या दुकानावर कोणी थांबत नाही. कानमास्तर म्हणाला म्हणजे माल सडकाच. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचे कपडे हिने शिवले होते.

२८ मार्च

आज पोलिसांनी गाडी बघू दिली. आवारात भंगार गाड्यांच्या रांगेत उभी आहे. वेल्डर बरोबर होता. सडक्या टायरचा पुरावा घ्यायला मी पिशवी नेली होती.

फुटलेल्या टायरच्या चिंध्या झाल्यात, पण खांद्याचा हातभर तुकडा शाबूत होता. त्यावर बोटभर रुंद पट्टा, गुळगुळीत, आरशासारखा. आतले धागे दिसेपर्यंत झिजलेला. मी म्हटलं, फुटल्यावर रस्त्यावर फरफटला असेल.

वेल्डरने माझा हात धरून मडगार्डच्या कडेवर ठेवला. त्या दुहेरी जोडावर. पुट्टी, रंग काही उरलेलं नाही, उघडा पत्रा, कात्रीच्या पात्यासारखा लखलखीत. आणि त्याच्या मागच्या खोबणीत काळा भुगा. नखाने काढला. थरावर थर दाबून बसलेला, गादीतल्या कापसासारखा. पिशवीत मूठभर आला.

एवढा भुगा एका क्षणात होत नाही. हा महिन्याभराचा आहे.

मग मागचं उजवं चाक बघितलं. ते चांगलं आहे. त्याच्या खांद्यावर एक रेघ होती. निळी. टायरभोवती गोल, तुटक तुटक, एका लांबीचे टाके, एका लांबीची अंतरं. कापडावर शिवणीची खूण करतात तशी. पुसलेली नव्हती.

तिथेच जमिनीवर बसलो.

२९ मार्च

सकाळी वेल्डरला म्हटलं, एक काम कर. शेडमध्ये एक चाक जॅकवर चढव, मोटरने फिरव आणि टायरला पत्रा टेकव.

त्याने केलं. पत्रा टेकला. काळी भुकटी खाली पडायला लागली. वेल्डरने दात आवळले, खांदे कानांपर्यंत नेले, रस्त्यावरून जाणारी बाई वळून बघायला लागली. मला काही नाही. विहिरीच्या तळासारखी शांतता. तीच. जिला मी स्वच्छ काम म्हणालो होतो.

मी पत्र्यावर तळहात ठेवला. पत्रा थरथरत होता, ताप आलेल्या लेकरासारखा.

मोटर थांबवून वेल्डर माझ्यासमोर आला आणि एकेक शब्द सुटा करून ओरडला, म्हणजे त्याचा चेहरा ओरडत होता. "दोन वर्षं झाली, मास्तर. सगळ्यांना माहीत आहे. वहिनींनी शपथ घातली होती. म्हणाल्या, त्यांना कळलं तर ते शेडमध्ये पाऊल टाकणार नाहीत. कान गेला म्हणजे माझा माणूस गेला."

"आणि त्या दिवशी? वाळूच्या पोत्यांच्या वेळी?"

"घासत होतं. मला ऐकू आलं, तुझ्या पोराला ऐकू आलं."

"मग गप्प का बसलास?"

"तुझा पोरगा तीन वर्षांनी आला होता. तू हसत होतास. मला वाटलं, कधीतरी सवड काढून, तू नसताना, तो तुकडा कापून टाकू." मग तो भिंतीकडे तोंड करून रडला. ते मला दिसलं.

१ एप्रिल

सूनबाईला विचारलं. आता ती मोठ्याने बोलते. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसते आणि दंडावर दोन बोटं टेकवते. तिला ते कोणी शिकवलं, विचारायची गरज नव्हती.

म्हणाली, निघताना आईंनी मागच्या दोन्ही चाकांना खडू लावला. मी विचारलं तर म्हणाल्या, "वजन भरून येताना बघू. पुसला असेल तर मी त्यांना हळूच सांगेन. माझ्याकडून त्यांना लागत नाही."

परतताना डावीकडून आवाज यायला लागला. मुलगा गाडी थांबवून बघतो म्हणाला. त्यावर आई म्हणाल्या, "घाट उतरू दे. घाटात थांबायला जागा नाही. खाली बघू." पुढे तिसरं वळण.

एवढी वर्षं मी ओरडलो की ती खालच्या आवाजात काहीतरी म्हणायची आणि माझा राग जायचा. काय म्हणायची, ते दोन वर्षांत मला ऐकूच आलेलं नाही. तरी राग जायचा.

३ एप्रिल

दोन दिवस दवाखान्यात गेलो नाही. कामाचं निमित्त सांगितलं. काम कुठे आहे? शेडला कुलूप आहे.

मुलाला सांगितलं नाही तर तो जन्मभर म्हणत राहील, आईला मी मारलं. सांगितलं तर त्याला बाप राहणार नाही. आई गेलीच आहे. आणि मनात खोल एक चोर बसलाय, तो म्हणतो, त्याला ऐकू आलं होतं ना? मग त्याने का नाही थांबवलं? हे लिहितानाही हात विटाळला. त्याला ऐकू आलं होतं आणि त्याने स्वतःच्या कानापेक्षा माझा कान खरा मानला. मीच लोकांत ओरडून त्याला ते शिकवलं.

वेल्डर म्हणतो, टायरवाल्यालाच दोषी राहू दे, कुणाचं काय जातं? त्याचं जातं, हे मला दिसतंय.

५ एप्रिल

टायरवाल्याच्या दुकानात गेलो. दोनच माणसं होती, म्हणून बाहेर फूटपाथवर उभं राहून बोललो. मला माझा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा किती मोठा काढायचा ते ठाऊक नव्हतं. असेल नसेल तेवढा काढला. म्हणालो, "टायर चांगला होता. चाक मी बसवलं. घासत होतं. मी बहिरा आहे." चारच वाक्यं घोकून गेलो होतो. चौथं बोलायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

लोक जमले. टायरवाला बाहेर आला. मला वाटलं, हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. त्याने खुर्ची आणून मला बसवलं, पाणी दिलं. मग बिलबुकाच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे धरलं. "त्या दिवशी मी एवढंच म्हणत होतो, वहिनी फार चांगल्या होत्या."

तो कागद इथे ठेवलाय.

६ एप्रिल

आज मुलाला सांगितलं.

सूनबाई खिडकीपाशी होती. मी पलंगाशेजारी बसलो आणि पिशवीतून भुगा काढून त्याच्या चादरीवर ठेवला. म्हणालो, "हे चाकाचं आहे. पहिल्या दिवसापासूनचं. तुझा वेग नव्हता. गाडी हळू असती तरी ते एक ना एक दिवस फुटणारच होतं. वेल्डर तुकडा काप म्हणत होता, मी कापू दिला नाही. तुझी आई खडू लाव म्हणाली, मी लावला नाही. तू आवाज येतो म्हणालास, मी तुला गप्प केलं. मला ऐकू येत नाही, बाळा. दोन वर्षं येत नाही. तुझ्या आईला तू नाही, मी."

पुढचा शब्द निघाला नाही. त्याला तो कळला.

तो भुग्याकडे बघत होता. चिमटीत थोडा घेतला, चोळला, बोटं काळी झाली. मग त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. सळयांमुळे अंग वळत नाही, मानच वळते. त्याचा खांदा हलला. गळ्याची शीर हलली. तो काहीतरी बोलला. फार नाही, तीन-चार शब्द असतील. ओठ भिंतीकडे होते.

सूनबाईने खिडकीचा गज घट्ट धरला. तिने ऐकलं.

पुन्हा म्हण, असं म्हणायचं होतं. धीर झाला नाही. उठताना चादरीवरचा भुगा गोळा करायला गेलो, तर त्याने त्यावर हात ठेवला होता. राहू दिला.

येताना जिन्यात सूनबाई माझ्या पुढे झाली, वळून समोर उभी राहिली आणि माझ्या दंडावर दोन बोटं टेकवली. तिचे ओठ उघडले. मी मान हलवली, नको. ती थांबली.

विचारलं की ती सांगेल, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. आज विचारलं नाही.